कणकवलीचा मुलांचा दवाखाना : संधिवात असलेल्या माझ्या लेकीच्या छातीत दुखलं तेव्हा

दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना उभा आहे, हे सगळ्यात आधी सांगते. सतरा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. ज्या मुलांचे गुडघे सुजलेले असतात त्यांना चढताच येत नाही, कडेवर घ्यावं लागतं. आठ वर्षांची मुलगी कडेवर घेऊन सतरा पायऱ्या चढायच्या म्हणजे काय, ते चढणाऱ्यालाच कळतं. खालून कंपाउंडरदादांना हाक मारली तर ते येतात आणि मुलाला उचलून नेतात. हाक मारा, लाजू नका. मला पहिल्या दोन खेपांना हे माहीतच नव्हतं.

मी जामसंड्याची. घरी शिवणकाम करते, घरवाले देवगड बंदरात ट्रॉलरवर जातात. मुलीला सहाव्या वर्षी संधिवात झाला. हे सांगितलं की लोक अजूनही विचारतात, "एवढ्याशा पोरीक वात?" होतो. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि सहा आठवड्यांहून जास्त टिकलेली सांध्यांची सूज, जिचं दुसरं कारण सापडत नाही, तिला लहान मुलांचा संधिवात म्हणतात. डॉक्टर लोक जेआयए म्हणतात. त्याचे पुष्कळ प्रकार आहेत. माझ्या मुलीचा सिस्टिमिक, म्हणजे नुसत्या सांध्यांत न राहता सगळ्या अंगात शिरणारा. रोज दिवेलागणीला ताप १०३ वर जायचा आणि सकाळी पोरगी खेळायला लागायची. ताप चढला की पाठीवर, दंडावर फिकट गुलाबी पुरळ उठायचं, ताप उतरला की नाहीसं व्हायचं. डॉक्टरांकडे सकाळी नेलं तर दाखवायला काहीच नसायचं. टायफॉइड, मलेरिया, डेंग्यू, सगळं तपासून झालं. शेवटी परळला मुलांच्या रुग्णालयात निदान झालं, तोवर मनगटं आणि दोन्ही गुडघे सुजून गेले होते.

कणकवलीच्या या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमकडे आम्ही आधी फक्त मधल्या रक्ततपासण्यांसाठी जात होतो. दर खेपेला मुंबईला जाणं परवडत नाही. संधिवाताचं मेथोट्रेक्सेट हे औषध चालू असलं की रक्ताच्या पेशी आणि लिव्हर ठरावीक दिवसांनी बघावं लागतं. ते त्या करायच्या, रिपोर्टवर दोन ओळी लिहायच्या आणि मी तो मोबाइलवर परळला पाठवायची. त्यांची खरी ओळख झाली ती गेल्या वर्षी आषाढात.

शाळा सुरू होऊन महिना झाला होता. स्टेरॉइडचा डोस कमी कमी करत अगदी थोड्यावर आला होता आणि आम्ही सगळे खुशीत होतो. मी तिच्या गणवेशाचं माप घेत होते. टेप छातीभोवती धरली आणि नेहमीसारखं म्हटलं, "श्वास घे बघू भरून." तिने अर्धाच घेतला आणि खांदा वर उचलून थांबली. मला वाटलं गुदगुल्या होतायत. दोन दिवसांनी परत संध्याकाळचा ताप सुरू झाला. तिसऱ्या रात्री दीड-दोनला जाग आली तर ती अंथरुणात नव्हती. लाइट गेलेली, बाहेर धो धो पाऊस. बॅटरी मारली तर पोरगी माझ्या मशीनच्या टेबलाला पोट लावून स्टुलावर बसलेली, दोन्ही हात टेबलावर आणि कापून ठेवलेल्या गणवेशाच्या कापडावर गाल टेकलेला. तशीच झोपली होती.

उचलून अंथरुणात ठेवलं तशी रडत उठली. "आये, निजलंय काय हय टोचता. बसान ऱ्हवलंय काय बरा वाटता."

सासूबाई उठल्या. म्हणाल्या, "गॅस भरलो असतलो. ओवो चावूक दी." ओवा दिला. त्यांना दोष नाही, आपल्याकडे छातीत दुखलं की घरात पहिलं तेच म्हणतात. पण सकाळी जवळच्याच एका ठिकाणी नेलं तिथेही तेच म्हणाले. मी सांगत होते की हिला संधिवात आहे, ही फाइल बघा. फाइल उघडली नाही. "लहान मुलांच्या छातीत दुखणं सहसा हृदयाचं नसतं," म्हणाले आणि गॅसचं सिरप दिलं. वाक्य चुकीचं नव्हतं, हे मला नंतर मॅडमनीच सांगितलं. धडधाकट मुलांच्या छातीत दुखतं ते बहुतेक वेळा स्नायूचं, बरगडीचं, खोकल्याचं किंवा पोटाचं असतं. पण माझी मुलगी त्या 'सहसा'त बसत नव्हती, आणि ते फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. सिरपात आमचे दीड दिवस गेले.

मग कणकवली. पावसाळी मासेमारी बंदीमुळे घरवाले घरी होते, म्हणून गाडी करून तिघं गेलो. नंबर सव्वीसावा होता. मी काउंटरवरच्या ताईंना एवढंच म्हटलं, "सिस्टिमिक जेआयए आहे, छातीत दुखतंय, आडवी होत नाही." त्या उठून आत गेल्या आणि दोन मिनिटांत आम्हाला बोलावलं. बाकावर बसलेल्या कुणी तक्रार केली नाही, तेही नमूद करते.

मॅडमनी मला काही विचारलं नाही, आधी मुलीला विचारलं. "बाय, खय दुखता? एका बोटान दाखय." तिने बोट नाही दाखवलं. सगळा पंजा छातीच्या मधोमध ठेवला आणि मग डाव्या खांद्यावर नेला. "आता निजान दाखय." ती टेबलावर पाठ टेकेपर्यंत गेली आणि तोंड वाकडं करून उठली. "बरा, उठ. आता फुडे वाक." वाकली आणि तिचा चेहरा मोकळा झाला. ते मला दिसलं. तीन दिवस मी तिच्याकडे बघत होते, पण हे असं क्रमाने करून बघायचं मला सुचलं नव्हतं.

मग बरगड्या जिथे छातीच्या हाडाला जुळतात तिथे एकेक करून बोटाने दाबत गेल्या. दुखलं नाही. म्हणजे दुखणं वरच्या हाडाचं नाही. वाकलेल्या अवस्थेत तिला श्वास सोडून थांबायला सांगितलं आणि स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. नंतर तो मलाही कानाला लावायला दिला. ठोक्याबरोबर करकर आवाज येत होता, नवीन चामड्याची चप्पल चालताना करकरते तसा. लहान मुलांचा पट्टा लावून बीपी घेतलं, मानेच्या शिरा बघितल्या, नाडी हातात धरून तिला श्वास घ्यायला लावला. पाण्याने हृदयावर दाब यायला लागला असता तर तो या तीन गोष्टींत दिसतो आणि मग एक मिनिटही थांबून चालत नाही, असं हे करता करताच सांगत होत्या.

ईसीजी तिथेच झाला. इकोचं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं, मशीन या दवाखान्यात नाही. ही मोठी उणीव आहे. इको करणारे डॉक्टर गावात दुसरीकडे असतात, त्यांना मॅडमनी स्वतः फोन लावून आमची वेळ घेतली. एक्स-रेही बाहेर. या सगळ्यात तीन तास गेले आणि पावसात दोनदा गाडीत चढ-उतार झाली. रिपोर्ट आला : हृदयाभोवती थोडं पाणी, हृदयावर दाब नाही. एक्स-रेत डाव्या फुप्फुसाच्या तळाशीही थोडं पाणी.

हृदयाभोवती पाणी म्हटल्यावर माझे हातपाय गळाले. मॅडमनी मला बसवलं. मी शिवणकाम करते हे त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, "ताई, अस्तर लावलेला ब्लाउज असतो ना, तशी हृदयाभोवती दोन पदरी पातळ पिशवी असते. दोन पदरांच्या मध्ये चमचा-दोन चमचे पाणी नेहमीच असतं, ते तेलासारखं काम करतं. तुमच्या मुलीच्या आजारात जशी गुडघ्याच्या आतल्या अस्तराला सूज येते तशीच या अस्तराला आलीय. सुजलेले पदर एकमेकांवर घासतात, तो तुम्ही ऐकलेला आवाज. आडवं झालं की जास्त ताण येतो, पुढे वाकलं की कमी होतो. म्हणून ती तुमच्या मशीनवर डोकं ठेवून झोपली." पेरिकार्डायटिस हा शब्द त्यांनी कागदावर लिहून दिला. फुप्फुसाभोवतीही अशीच दोन पदरी पिशवी असते, तिला सूज आली की खोल श्वासाला टोचतं. टेप धरली तेव्हा तिने अर्धाच श्वास का घेतला, ते मला तेव्हा कळलं.

मी विचारलं, हा हार्ट अटॅक का? नाही. रक्तवाहिनी तुंबलेली नाही, हृदयाचा स्नायू ठीक आहे, ही आजाराचीच सूज आहे. औषधाने उतरते आणि बहुतेक मुलांत मागे काही राहत नाही. पण पाणी भराभर वाढलं तर जीवावर बेतू शकतं, म्हणून घरी ठेवायचं नाही.

यानंतर त्यांनी जे केलं त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. त्यांनी आमच्यासमोर परळच्या डॉक्टरांना फोन लावला. ओपीडी चालू होती, बाहेर नंबर लागलेले होते, तरी दहा-बारा मिनिटं बोलल्या. रक्ताचे आकडे वाचून दाखवले. अंगातली सूज दाखवणारं सीआरपी वाढलेलं, प्लेटलेट भरपूर, साठलेलं लोह दाखवणारं आणि अशा आजारात वाढणारं फेरिटिन वाढलेलं पण फार नाही. फोन ठेवून मला सांगितलं की या प्रकारच्या आजारात एक गोष्ट फार सांभाळायची असते. ताप सतत राहायला लागला, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी एकदम खाली यायला लागल्या, फेरिटिन हजारोंत गेलं, तर शरीराच्या संरक्षक पेशी आपल्याच रक्तावर उठलेल्या असतात. त्याला एमएएस म्हणतात. तेव्हा ईएसआर, म्हणजे सूज दाखवणारा रक्ताचा दुसरा आकडा, उलट कमी होतो आणि घरच्यांना वाटतं सुधारलं. आज तसं नाही, पण पुढचे काही दिवस हे आकडे पुन्हा पुन्हा बघावे लागतील आणि ती सोय इथे नाही.

मुंबईला रेल्वेने न्यायचं की कोल्हापूरला? कोल्हापूर जवळ, म्हणून कोल्हापूर. १०८ बोलावली. पत्र दिलं, आणि ॲम्ब्युलन्समधल्या माणसांसाठी वेगळ्या चिठ्ठीवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं : 'हिला पाठीवर आडवं निजवू नका. पाठ उभी ठेवा.' फोंडा घाटात धुकं एवढं होतं की पुढची गाडी दिसत नव्हती. दाजीपूर ओलांडेपर्यंत मी ती चिठ्ठी मुठीत धरून बसले होते, पोरगी माझ्या खांद्यावर पुढे वाकून.

कोल्हापूरला तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिलं. दुसऱ्या रात्री ती कुशीवर झोपली. पाचव्या दिवशीच्या इकोत पाणी कमी झालेलं होतं.

त्यानंतर परळच्या डॉक्टरांनी टॉसिलिझुमॅब हे आजाराची सूज दाबणारं इंजेक्शन सुरू केलं, दर पंधरा दिवसांनी सलाइनमधून. सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झाली, कारण या औषधाने दबून राहिलेला टीबी वर येऊ शकतो. हे इंजेक्शन चालू असताना सीआरपी सहसा वाढत नाही. म्हणजे न्यूमोनिया झाला तरी रिपोर्ट चांगला येऊ शकतो, तापही कमीच दिसू शकतो. मॅडमनी हे आमच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने लिहून ठेवलंय : 'टॉसिलिझुमॅब चालू. सीआरपी नॉर्मल आला तरी इन्फेक्शन नाही असं समजू नये.' आता कुठल्याही नवीन डॉक्टरकडे गेलो की त्यांची नजर आधी तिथे जाते. फाइल न उघडणाऱ्याचीसुद्धा जाते.

महाशिवरात्रीची गोष्टही सांगायला हवी. कुणकेश्वरची जत्रा आमच्या घरात सगळ्यात मोठी. बाय हट्टाला पेटली, "माका पण उपास धरूचो आसा." मी दुपारपर्यंत धर म्हटलं आणि सकाळची नॅप्रोक्सेनची, म्हणजे सूज-दुखण्याची, गोळी मात्र सवयीने दिली, रिकाम्या पोटी. चूक माझी. संध्याकाळी जत्रेत छातीवर हात ठेवून बसली आणि मला आषाढातली रात्र आठवली. तिथूनच मॅडमना फोन लावला. त्यांनी पाच प्रश्न विचारले. आडवं केल्यावर काय होतं, खोल श्वास घेता येतो का, ताप आहे का, दुखतंय की जळजळतंय, गोळी कशावर घेतली. बाय म्हणाली जळजळता, आणि श्वास भरून घेऊन दाखवला. मॅडम म्हणाल्या, गोळीने पोटाचं अस्तर दुखावलंय, आज रात्री दूधभात द्या, नॅप्रोक्सेन बंद ठेवा, स्टेरॉइड बंद करू नका, सकाळी घेऊन या. रात्रीत यातलं काही बदललं तर सकाळची वाट बघू नका. सकाळी तपासलं, पोटाच्या अस्तराच्या संरक्षणाची गोळी सुरू केली, इकोला पाठवलं नाही. पाठवलं असतं तरी मी निमूट गेले असते आणि पैसे भरले असते. छातीत दुखतं म्हटल्यावर दर वेळी घाबरून सगळ्या तपासण्या करणं सोपं असतं. दुखण्याची चाल ओळखून कुठली तपासणी नको ते सांगणारा डॉक्टर मी फार थोडा पाहिला.

स्टेरॉइड अचानक बंद न करण्याचं कारणही त्यांनी तेव्हाच समजावलं होतं. बरेच दिवस गोळी घेतली की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं सोडतं. एकदम तोडलं तर मूल खचतं, बीपी पडतं. आमच्या वाडीत कुणीतरी 'त्या गोळीन पोरगी फुगली, बंद कर' असं सांगून गेलं होतं, म्हणून लिहिते.

वाट बघताना एकदा मालवणकडच्या एका मुलाची आई भेटली. मुलगा तेरा वर्षांचा, आधी टाचा दुखायच्या, मग कंबर सकाळी आखडायची, आणि आता बॉलिंग टाकली की छातीच्या हाडापाशी दुखायचं. त्याने एका बोटाने नेमकी जागा दाखवली, दाबलं की ओरडायचा. त्याचा संधिवात वेगळ्या जातीचा, स्नायूची दोरी हाडाला जिथे चिकटते तिथे सुजणारा. त्याच्या छातीत दुखण्याचा हृदयाशी संबंध नव्हता. त्याला व्यायाम आणि गोळी बदलून दिली. एकाच बाकावर बसलेली दोन मुलं, दोघांना संधिवात, दोघांच्या छातीत दुखतं, आणि कारण पूर्ण वेगळं. मी घरी येऊन हे सासूबाईंना सांगितलं तर त्या बराच वेळ गप्प बसल्या.

आता तक्रारी. इको नाही हे सांगितलंच. खालच्या औषधाच्या दुकानात मेथोट्रेक्सेट दर वेळी मिळत नाही, आधी सांगून ठेवावं लागतं. एकदा तिथे 'रोज एक' असं पाकिटावर लिहून दिलं होतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर विष होते. मला माहीत होतं म्हणून वाचलो. मॅडमना सांगितलं, त्या स्वतः खाली उतरून बोलल्या, आता चिठ्ठीवर वार लिहून देतात : 'रविवार फक्त'. तरी तुम्ही पाकीट वाचूनच घ्या. दुपारी दोन ते पाच फोन कुणी उचलत नाही. सोमवारी गर्दी इतकी असते की बसायला जागा मिळत नाही, आणि खोकणाऱ्या मुलांच्या शेजारी आपलं प्रतिकारशक्ती दाबलेलं मूल बसवायचं जिवावर येतं. वेगळी जागा करा असं मी दोनदा म्हटलं, अजून झालेली नाही. काउंटरवर सांगितलं तर आतल्या ड्रेसिंगच्या खोलीत बसू देतात, पण सांगावं लागतं. लस देताना मात्र फाइल आधी मागतात. अशा औषधांवर जिवंत विषाणूची लस चालत नाही, आणि ते इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

फी तीनशे. फोनवर सल्ला दिला त्याचे पैसे घेतले नाहीत, मी देत होते.

जाताना फाइल तर न्याच, पण एक वही पण न्या. मी माझ्या मापांच्या वहीच्या मागच्या बाजूने लिहिते : ताप किती वाजता, किती, पुरळ होतं का, कुठला सांधा, रात्री कशी झोपली. पुरळ उठलं की मोबाइलवर फोटो, कारण सकाळपर्यंत ते जातं. मॅडम ती वही फाइलच्या आधी वाचतात. आणि मूल आडवं होत नसेल, धाप लागत असेल, ओठ काळेनिळे दिसत असतील किंवा चक्कर येऊन पडलं असेल तर या दवाखान्यात येऊ नका. हे त्यांनीच भिंतीवर लावलंय. सरळ १०८ लावा, आणि मूल बसतं ठेवा.